सब्र (इस्लाम)

सब्र ही इस्लाम धर्मातील एक मूलभूत नैतिक संकल्पना आहे. संकट, आजार, मृत्यू, दारिद्र्य किंवा अन्याय यांना सामोरे जाताना ईश्वरावरील श्रद्धा न सोडता मन, वाणी आणि वर्तन यांवर ताबा ठेवणे व योग्य ते कर्म करीत राहणे, असा तिचा आशय आहे. मराठीत तिचा अनुवाद 'धीर', 'संयम', 'सहनशीलता' किंवा 'सबुरी' असा केला जातो. तथापि यांपैकी कोणताही एक शब्द मूळ संकल्पनेची पूर्ण व्याप्ती सांगत नाही. सब्रचा संबंध शुक्र (कृतज्ञता), तवक्कुल (ईश्वरावर भरवसा) आणि रजा (ईश्वरी इच्छेविषयी समाधान) या अन्य संकल्पनांशी आहे. प्रस्तुत लेखात संकल्पनेचा परिचय, संकटकाळातील धार्मिक आचार आणि महाराष्ट्रातील, विशेषतः पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या अवर्षणप्रवण तालुक्यांच्या संदर्भातील तिचे स्वरूप यांचा विचार केला आहे.

व्युत्पत्ती

'सब्र' हा अरबी शब्द असून त्याच्या धातूचा अर्थ 'रोखून धरणे', 'बांधून ठेवणे' असा आहे. मनाला हताश होण्यापासून, जिभेला तक्रारीपासून आणि हातांना अविचारी कृतीपासून रोखणे, असे त्याचे स्पष्टीकरण मुस्लिम धर्मपंडित देतात. सब्र बाळगणाऱ्यास 'साबिर' म्हणतात. 'अस-सबूर' हे ईश्वराच्या नव्व्याण्णव नामांच्या प्रचलित यादीतील एक नाम आहे.

फारसीच्या मार्गाने हा शब्द मराठीत आला व रुळला. 'सबूर' आणि 'सबुरी' ही रूपे ग्रामीण बोलीतही सर्व धर्मांच्या लोकांच्या तोंडी आढळतात. शिर्डीचे साईबाबा (मृत्यू १५ ऑक्टोबर १९१८) यांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या 'श्रद्धा आणि सबुरी' या शब्दजोडीमुळे हा मूळचा अरबी शब्द महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचला.

कुराणातील स्थान

सब्र या धातूपासून झालेली रूपे कुराणात शंभराहून अधिक वेळा येतात. दुसऱ्या अध्यायात (सूरह अल-बकरा, आयत १५३ ते १५७) श्रद्धावंतांनी सब्र व नमाज यांच्या आधारे साहाय्य मागावे असे सांगितले आहे. भीती, भूक आणि धन, जीव व पिके यांची हानी यांद्वारे माणसाची परीक्षा होईल, अशी पूर्वसूचना तेथे दिली असून संकटसमयी सर्व काही ईश्वराचेच आहे व त्याच्याकडेच परत जावयाचे आहे याचे स्मरण ठेवणाऱ्यांना शुभवार्ता सांगितली आहे. या स्मरणवाक्यास 'इस्तिरजा' असे म्हणतात; मृत्यूची वार्ता कळताच ते उच्चारण्याची प्रथा जगभरातील मुस्लिमांत आहे. परीक्षेच्या या यादीत पिकांच्या हानीचा स्वतंत्र उल्लेख आहे, ही बाब शेतीवर जगणाऱ्या समाजाच्या दृष्टीने लक्षणीय ठरते.

याच अध्यायाच्या अखेरच्या आयतीत (२८६) कोणत्याही जीवावर त्याच्या शक्तीपलीकडचा भार टाकला जात नाही, असे प्रतिपादन आहे. चौऱ्याण्णवाव्या अध्यायात अडचणीबरोबरच सुलभता असल्याचे लागोपाठ दोनदा सांगितले आहे. एकशे तिसऱ्या अध्यायात (सूरह अल-अस्र) परस्परांना सत्याचा व सब्रचा उपदेश करणाऱ्यांना हानीतून वगळले आहे. येथे सब्र हा केवळ एकट्याचा गुण न राहता एकमेकांना द्यावयाचा आधार ठरतो.

कुराणातील प्रेषितांच्या कथांतही हा विषय वारंवार येतो. पुत्र यूसुफ हरवल्यावर पिता याकूब 'सब्रे जमील' म्हणजे सुंदर धीर धरण्याचा निर्धार करतात. परंतु त्याच कथेत दुःखाने त्यांची दृष्टी गेल्याचेही वर्णन आहे. ते आपले गाऱ्हाणे ईश्वरापुढे मांडतात. प्रेषित अय्यूब दीर्घ आजारात ईश्वराची करुणा भाकतात. या कथांच्या आधारे भाष्यकारांनी असा निष्कर्ष काढला की, ईश्वरापाशी दुःख उघड करणे हे सब्रच्या विरुद्ध नाही.

पैगंबरांचे चरित्र आणि हदीस

मुहम्मद पैगंबरांचे चरित्र हे मुस्लिमांच्या दृष्टीने सब्रचे आदर्श उदाहरण होय. पैगंबरांच्या जन्मापूर्वीच वडिलांचे निधन झाले आणि बालपणी आई गेली. इ.स. ६१९ च्या सुमारास पत्नी खदीजा व आधार देणारे चुलते अबू तालिब यांचे थोड्याच अंतराने निधन झाले. हे वर्ष परंपरेत 'दुःखाचे वर्ष' म्हणून ओळखले जाते. त्यांच्या अपत्यांपैकी केवळ फातिमा यांनी त्यांचा मृत्यू पाहिला. इतर सर्व अपत्ये त्यांच्या हयातीतच गेली. पुत्र इब्राहीम याच्या मृत्युसमयी पैगंबरांच्या डोळ्यांत अश्रू आल्याची व ते अश्रू करुणेचे असल्याचे त्यांनी सांगितल्याची नोंद हदीससंग्रहांत आहे. त्यामुळे रडणे निषिद्ध नाही. मात्र छाती बडवून घेणे, कपडे फाडणे व ईश्वराला दोष देणे यांस मनाई आहे, असे बहुसंख्य धर्मशास्त्रज्ञ मानतात.

कबरीपाशी शोक करणाऱ्या एका स्त्रीच्या प्रसंगातून, खरा धीर हा पहिल्या आघाताच्या क्षणीच असतो, हा विचार पुढे आला. दुसऱ्या एका प्रसिद्ध हदीसमध्ये उंट मोकळा सोडून ईश्वरावर भरवसा ठेवू की त्याला बांधू, असे विचारणाऱ्यास प्रथम उंट बांधावा व मग भरवसा ठेवावा, असा सल्ला दिलेला आहे. प्रयत्न आणि श्रद्धा यांच्या संबंधाविषयी ही कथा वारंवार सांगितली जाते.

इ.स. ६३९ च्या सुमारास सीरियात प्लेगची साथ पसरली असता खलीफा उमर यांनी साथीच्या प्रदेशात प्रवेश न करता माघारी फिरण्याचा निर्णय घेतला. हे ईश्वरी नियतीपासून पळणे नव्हे काय, या आक्षेपावर, आपण एका नियतीकडून दुसऱ्या नियतीकडेच जात आहोत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. संकट टाळण्याचे उपाय करणे श्रद्धेशी सुसंगत आहे, या मताच्या पुष्टीसाठी हा प्रसंग सांगितला जातो.

विचारपरंपरा

इमाम गझाली (मृत्यू इ.स. ११११) यांनी 'इह्या उलूम अद-दीन' या ग्रंथात सब्र व शुक्र यांसाठी एक स्वतंत्र प्रकरण योजिले आहे. श्रद्धेचे हे दोन अर्धे भाग असून सुखात कृतज्ञता आणि दुःखात धीर यांनी जीवन व्यापलेले असते, असे ते मांडतात. इब्न कय्यिम (मृत्यू इ.स. १३५०) यांनीही याच विषयावर ग्रंथ लिहिला. परंपरेत सब्रचे पुढील तीन प्रकार मानले जातात :

१. आज्ञापालनातील सब्र – नमाज, रोजा यांसारखी कर्तव्ये सातत्याने पार पाडणे.
२. पापापासून दूर राहण्यातील सब्र – मोह, क्रोध व सूड यांवर नियंत्रण ठेवणे.
३. संकटातील सब्र – जे टाळता येत नाही ते खचून न जाता सोसणे.

या वर्गीकरणानुसार टाळता येण्याजोगे संकट निमूटपणे सोसणे हा सब्रचा प्रकार ठरत नाही. मनाच्या आजारांचा विचारही या परंपरेत झाला. अबू झैद अल-बल्खी (मृत्यू इ.स. ९३४) यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावरील आपल्या ग्रंथात भीती, खिन्नता, क्रोध व वेडे विचार यांची चर्चा केली आहे. आत्महत्या इस्लाममध्ये निषिद्ध असून आजारावर उपचार घेण्यास पैगंबरांनी उत्तेजन दिले आहे.

संकटकाळातील धार्मिक आचार

नमाज आणि दुआ. दिवसातून पाच वेळच्या नमाजामुळे विस्कटलेल्या दिनक्रमाला ठरावीक आधार मिळतो. आजारी माणसास बसून किंवा पडून नमाज अदा करण्याची, तसेच रमजानचे रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत आहे. दुआ म्हणजे स्वतःच्या शब्दांत, कोणत्याही भाषेत केलेली प्रार्थना होय.

मृत्यू व शोक. मृताला गुस्ल (स्नान) घालून कफन दिले जाते व जनाजाची नमाज सामुदायिकपणे अदा केली जाते. दफनाच्या वेळी उपस्थित लोक कबरीवर मूठमूठ माती टाकतात. सामान्यतः शोकाची मर्यादा तीन दिवसांची असून विधवेसाठी चार महिने दहा दिवसांची इद्दत सांगितली आहे. ती गर्भवती असल्यास प्रसूतीपर्यंत इद्दत असते. शोकग्रस्त घरी शेजारी व नातलगांनी जेवण पोहोचवावे, ही प्रथा पैगंबरांच्या काळातील जाफर यांच्या कुटुंबाच्या प्रसंगावरून रूढ झाली. महाराष्ट्रात तिसऱ्या दिवसाची जियारत व चाळिसावा यांचेही पालन अनेक कुटुंबे करतात. काही सुधारणावादी पंथांना हे विधी मान्य नाहीत.

जकात, उश्र आणि सदका. विशिष्ट मर्यादेपेक्षा अधिक संपत्ती वर्षभर बाळगणाऱ्या मुस्लिमाने तिच्या अडीच टक्के जकात देणे बंधनकारक आहे. जकातीस पात्र असलेल्या आठ वर्गांत गरीब, निराधार व कर्जबाजारी यांचा समावेश होतो. शेतीच्या उत्पन्नावरील जकातीस उश्र म्हणतात. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा व कष्टाने पाणी देऊन वाढविलेल्या पिकाचा विसावा भाग हे तिचे प्रमाण आहे. पाणी देण्याचे श्रम व खर्च लक्षात घेऊन ही सवलत दिलेली आहे. भारतातील जमिनींना उश्र कितपत लागू होतो, याविषयी धर्मपंडितांत मतभेद आहेत.

कर्ज. व्याज घेणे कुराणाने निषिद्ध ठरविले आहे. ऋणको अडचणीत असल्यास त्यास परिस्थिती सुधारेपर्यंत मुदत द्यावी आणि कर्ज माफ केल्यास ते अधिक चांगले, असा आदेश दुसऱ्या अध्यायात (आयत २८०) आहे. त्यामुळे धीर धरण्याचे कर्तव्य केवळ पीडितावर नसून सावकारावरही येते.

पावसासाठी नमाज. अवर्षणकाळी मोकळ्या मैदानावर जमून 'सलातुल इस्तिस्का' ही विशेष नमाज अदा केली जाते. तीत दोन रकात, प्रवचन व क्षमायाचना यांचा समावेश असतो. अंगावरील चादर उलटी करण्याची रीत स्थिती पालटण्याचे प्रतीक मानली जाते. हनफी पंथाचे संस्थापक इमाम अबू हनीफा यांनी या प्रसंगी दुआ व क्षमायाचना यांवर भर दिला. दुष्काळी वर्षांत महाराष्ट्रातील अनेक गावांच्या ईदगाह मैदानांवर अशा नमाजा झालेल्या आहेत.

बारामती व इंदापूर परिसर

बारामती व इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. इंदापूर तालुका भीमा व नीरा या नद्यांच्या दरम्यान वसलेला असून नीरा नरसिंहपूर येथे त्यांचा संगम होतो. बारामती शहर कऱ्हा नदीच्या काठी आहे. पाऊस कमी आणि लहरी असल्यामुळे दुष्काळ हा येथील लोकजीवनाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. इ.स. १६३०–३२, १८७६–७८ आणि १९७२ हे दख्खनमधील भीषण दुष्काळ होत.

ब्रिटिश राजवटीच्या आरंभी जड शेतसाऱ्याने इंदापूर तालुका जेरीस आला होता. त्यामुळे १८३० च्या दशकात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नव्या जमीनमोजणीचा व सारा-आकारणीचा आरंभ येथूनच केला. सावकारी कर्जाने त्रासलेल्या शेतकऱ्यांचा उद्रेक १२ मे १८७५ रोजी आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे झाला. तोच दख्खनच्या दंग्यांचा प्रारंभ होय. पुढे नीरा डाव्या कालव्यामुळे बारामतीच्या काही भागात ऊसशेती वाढली, तर सुपे-मोरगाव पट्टा मुख्यत्वे जिरायत राहिला. एकाच तालुक्यात जिरायत व बागायत अशी विभागणी असल्याने उश्रमधील दहावा व विसावा भाग हा भेद येथील शेतकऱ्यास सहज उमगणारा आहे. भीमेवरील उजनी धरणाच्या जलाशयाखाली इंदापूर तालुक्यातील पळसदेवसारखी जुनी गावठाणे गेली आणि विस्थापनाचा प्रश्न निर्माण झाला. २००९ मध्ये बारामतीजवळ माळेगाव येथे स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था दुष्काळासारख्या ताणांत शेती कशी तगवावी, यावर संशोधन करते.

या भागातील मुस्लिम समाजात बागवान, तांबोळी, अत्तार, शिकलगार, पिंजारी, मुलाणी, कुरेशी इत्यादी व्यवसायाधिष्ठित समूह आढळतात. मुलाणी हा गावगाड्यात बलुत्याचा मानकरी होता. पीक बुडाले की शेतकऱ्याबरोबरच त्याच्या बलुतेदारांचे आणि आठवडे बाजारावर अवलंबून असणाऱ्या विक्रेत्यांचेही उत्पन्न बुडे. दुष्काळाची झळ त्यामुळे धर्मनिरपेक्षपणे साऱ्या गावाला बसत असे. घरात दख्खनी व बाहेर मराठी असा भाषाव्यवहार असलेल्या अनेक कुटुंबांत 'सबर' आणि 'धीर' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात.

इंदापूर येथील चाँदशाहवली यांचा दर्गा आणि सुपे येथील शाहमन्सूर यांचा दर्गा ही परिसरातील श्रद्धास्थाने असून तेथे मुस्लिमांबरोबर हिंदू भाविकही नवस बोलतात. मालोजीराजे भोसले यांना इंदापूरच्या लढाईत वीरमरण आले, अशी परंपरा आहे. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी गढी इंदापुरात आहे. श्रीगोंदे येथील संतकवी शेख महंमद यांच्याशी मालोजीराजांचा गुरुभाव जोडला जातो. 'योगसंग्राम' या ग्रंथाचे कर्ते असलेल्या शेख महंमदांनी मराठीतून लेखन केले. माणसाचे खरे युद्ध स्वतःच्या विकारांशी आहे, हा त्यांच्या ग्रंथाचा विषय सूफी विचारातील आत्मसंयमाशी जुळणारा आहे.

दर्ग्यावर नवस बोलण्याविषयी मुस्लिम समाजात एकमत नाही. एका मतानुसार संतांच्या माध्यमातून ईश्वराकडे मागणे योग्य आहे, तर दुसऱ्या मतानुसार संकटात केवळ ईश्वराकडेच थेट याचना करावी.

मोहरम आणि करबला

इ.स. ६८० मध्ये (हिजरी ६१, १० मोहरम) करबला येथे पैगंबरांचे नातू इमाम हुसेन व त्यांचे सहकारी यांना फुरात नदीचे पाणी तोडून ठार मारण्यात आले. अन्यायापुढे न झुकता तहान व मृत्यू स्वीकारणारा धीर, असा या घटनेचा अर्थ लावला जातो. त्यामुळे सब्र म्हणजे शरणागती नव्हे, याचे ते प्रमुख उदाहरण ठरते. महाराष्ट्रातील अनेक गावांत ताबूत व पंजे बसविण्याच्या प्रथेत हिंदू कुटुंबेही सहभागी होतात. तहानलेल्यांच्या स्मरणार्थ वाटसरूंना पाणी व सरबत वाटण्याच्या प्रथेला पाणीटंचाईच्या प्रदेशात विशेष अर्थ प्राप्त होतो.

कोरोना साथ

२०२० व २०२१ मधील कोविड-१९ च्या साथीत मशिदी बंद राहिल्या आणि रमजानची तरावीह व ईदची नमाज घरोघरी अदा करावी लागली. अनेकांना आपल्या आप्तांचे अंत्यदर्शनही घेता आले नाही. साथीने मरण पावलेल्यास हुतात्म्याचा दर्जा मिळतो, या हदीसमुळे अनेक कुटुंबांना दिलासा मिळाला. पुण्यातील आझम कॅम्पस येथील मशिदीचे सभागृह विलगीकरणासाठी उपलब्ध करून देण्यात आले. पुण्यातील मुस्लिम कार्यकर्त्यांनी विविध धर्मांच्या मृतांवर ज्याच्या त्याच्या धर्मानुसार अंत्यसंस्कार केले. प्रार्थनेबरोबर सेवा हाही संकटाला दिलेला धार्मिक प्रतिसाद असल्याचे त्यातून दिसून आले.

टीका आणि चर्चा

सब्रच्या उपदेशाचा उपयोग दुर्बलांना गप्प बसविण्यासाठी केला जातो, अशी टीका समाजसुधारकांनी केली आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई (१९३२–१९७७) यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा काढून तोंडी तलाक व बहुपत्नीत्व यांविरुद्ध आवाज उठविला. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली. स्त्रियांवरील अन्याय हे दैव नसून कायद्याने दूर करता येणारे दुःख आहे, ही या चळवळीची भूमिका होती. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी तात्काळ तिहेरी तलाक अवैध ठरविला आणि २०१९ मध्ये त्याविरुद्ध कायदा झाला.

दलवाईंची भूमिका धर्मनिरपेक्ष सुधारणेची होती. याउलट मुंबईतील विचारवंत असगर अली इंजिनिअर (१९३९–२०१३) यांनी धर्माच्या चौकटीतूनच, इस्लाम हा दुर्बल व शोषितांच्या बाजूने उभा राहणारा धर्म असल्याचे प्रतिपादन केले. पारंपरिक धर्मपंडितही जुलूम सहन करणे व जुलूम दूर करण्याचा प्रयत्न करताना धीर राखणे यांत फरक करतात. मतभेद उरतो तो प्रत्यक्ष व्यवहारात : एखाद्या पीडित स्त्रीला किंवा कर्जबाजारी शेतकऱ्याला 'सबर कर' असे सांगणारा माणूस तिच्या वा त्याच्या मदतीला उभा राहतो की नाही, यावर त्या शब्दाचा अर्थ ठरतो.

मानसशास्त्रात धार्मिक श्रद्धेच्या आधारे संकटाशी जुळवून घेण्याच्या प्रक्रियेचा अभ्यास केला जातो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी तिचे सकारात्मक व नकारात्मक असे प्रकार मानले. ईश्वराचा आधार वाटणे व समाजाची साथ मिळणे हे सकारात्मक, तर संकट ही ईश्वराने दिलेली शिक्षा आहे किंवा त्याने आपल्याला टाकले आहे असे वाटणे हे नकारात्मक होय. सुदानी मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री (१९३२–२०२१) यांनी इस्लामी विचार व आधुनिक मानसोपचार यांची सांगड घालण्याचा प्रयत्न केला.

मराठी साहित्यातील संदर्भ

मराठी वाचकांना इस्लामी विचारांचा परिचय करून देणाऱ्या ग्रंथांत साने गुरुजींचे 'इस्लामी संस्कृती', सेतुमाधवराव पगडी यांचे सूफी संप्रदायावरील लेखन आणि विनोबा भावे यांचे 'कुराणसार' यांचा समावेश होतो. कुराणाचे मराठी अनुवादही उपलब्ध आहेत. त्यांमुळे उर्दू वा अरबी न वाचणाऱ्या मराठी मुस्लिमांना सब्रविषयीच्या आयती स्वतःच्या भाषेत समजून घेता येतात.

हेसुद्धा पाहा

शुक्र, तवक्कुल, जकात, करबलाची लढाई, सूफी पंथ, शेख महंमद, मुस्लिम सत्यशोधक मंडळ, १९७२ चा महाराष्ट्रातील दुष्काळ, इंदापूर तालुका, बारामती तालुका